मेटकाकांच्या बंदुकीचं नाक

"माझ्या इस्त्रीला पुन्हा जवसाच्या तेलाचा वास येतोय," डॉलोरेस तळघराच्या जिन्यावर उभी राहून म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये माझ्या ब्लाउजला बंदुकीचा वास आला ना, तर फादर आधी मलाच कन्फेशनला बसवतील."

"बंदुकीचा नाही, तिच्या लाकडी दस्त्याचा," लेस्टर खालून म्हणाला.

"मग काय, फादरना तेवढं समजावून सांगते."

लेस्टर ड्रोबनाकने ओला टॉवेल लाकडावर पसरला आणि त्यावर बायकोची इस्त्री टेकवली. चर्र आवाज झाला, वाफ उठली. लाकडाला पोचा पडला असेल, तर गरम वाफेने दबलेले धागे फुगतात आणि पोचा वर येतो. माणसांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. म्हणूनच बहुधा निवृत्तीनंतर लेस्टर माणसांपेक्षा जुन्या लष्करी रायफलींमध्ये जास्त रमत असे. नोकरीत असताना तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. बस निदान संध्याकाळी घरी जायची. बंदुका तळघरात मुक्कामाला असायच्या.

आमच्या मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात हा छंद नवा नाही. लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली गोळा करायच्या, त्यांचा गंज उतरवायचा, हरवलेले सुटे भाग जत्रांमधून हुडकायचे. अशा रायफलीच्या प्रत्येक भागावर कारखान्याने आकडा ठोकलेला असतो, आणि सगळे आकडे जुळले की माणसं टोपी काढून उभी राहतात. आमच्याकडे सख्ख्या भावांचं जुळत नाही, तेव्हा हे कौतुक समजण्यासारखं आहे.

आज टेबलावर होती ती मेटकाकांची, म्हणजे मेथोड झेलेनाक यांची, जर्मन रायफल. दुसरं महायुद्ध संपल्यावर आमच्या गावची पोरं जर्मनीतून परतली, तेव्हा प्रत्येकाला एक बंदूक घरी आणायची होती आणि कुणाचीच बंदूक किटबॅगेत मावत नव्हती. मग नळीला धरून ठेवणाऱ्या पुढच्या लोखंडी कडीपाशी लाकूड करवतीने कापायचं, बंदूक खोलायची, तुकडे बॅगेत कोंबायचे आणि घरी येऊन पुन्हा बसवायचे. छंदी मंडळी या कापाला 'घाव' म्हणतात. घाव असलेली बंदूक पाहिली की ती अशी मान हलवतात, जणू लग्नाळू मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला.

आणि घाव पुसण्यात लेस्टरचा हात धरणारा ओहायोपर्यंत कुणी नव्हता.

झेलेनाकांच्या बंदुकीचा घाव तर गावठीच होता. कापणाऱ्याने कडीचा अंदाजही घेतला नव्हता. काप तिरका, अर्धा कडीबाहेर, आणि पुढचा वीतभर तुकडा हाताने ओढला की निघून यायचा. लेस्टरने आत दोन पोलादी सळ्या घातल्या, सरस भरला, क्लॅम्पने आवळलं, आणि धाग्याला धागा जुळवून रंग दिला. राहिले होते ते टोकाजवळचे पोचे. बारीक पोच्यांची एक कमान वरच्या अंगाला, एक खालच्या.

"उंदीर," लेस्टर म्हणाला.

डॉलोरेस खाली येऊन वाकून बघू लागली. "एवढ्या शिस्तीत कुरतडलं?"

"जर्मन उंदीर असेल."

त्याने पुन्हा इस्त्री टेकवली. थोड्या वेळाने टॉवेल उचलला, तेव्हा उंदीर कधी जन्मालाच आला नव्हता असं ते लाकूड गुळगुळीत दिसत होतं.

उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी आमचं सगळं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे आणि पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, खायला जमतं. मांस खायचं नसतं, म्हणून सगळे मांस खाल्ल्यासारखे मासे खातात. रायफल क्लबाचं टेबल तिथेच, कॉफीच्या भांड्याशेजारी. लेस्टरने दस्ता चादरीत गुंडाळून आणला होता. क्लबाचा अध्यक्ष क्लीट वॉर्गो याने बोटांचं तेल कागदाला पुसलं आणि लाकडावरून नख फिरवलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"कुठंय?"

"काय?"

"घाव रे."

"शोध की. मासा थंड होईपर्यंत वेळ देतो."

क्लीटने चष्मा बदलला. मग खिडकीकडे जाऊन पाहिलं. मग परत येऊन बसला आणि म्हणाला, "लेस्टर, तू चांगला माणूस आहेस म्हणून बरं. नाहीतर तू खोट्या नोटा छापल्या असत्यास."

टेबलावरचे सगळे हसले. लेस्टरही हसला, पण लगेच गंभीर झाला. कारण मागच्या जत्रेत बनावट शिक्का मारलेला दस्ता विकणाऱ्या एका माणसाला त्यानेच सगळ्यांदेखत टेबल गुंडाळायला लावलं होतं. "खोटं ते खोटं," तो म्हणाला. "मी जखम भरतो. नसलेली वस्तू आहे म्हणून कुणाच्या गळ्यात मारत नाही."

हे वाक्य त्याला स्वतःला इतकं आवडलं की त्याने आणखी एक पिरोगी घेतली.

दुसऱ्या दिवशी अर्लीन आली. ती म्हाताऱ्या झेलेनाकांची मुलगी, साठीला टेकलेली, औषधांच्या दुकानातून नुकतीच निवृत्त झालेली. लेस्टर कुणाकडून पैसे घेत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिने अक्रोडाचा भला मोठा रोल करून आणला होता. तळघरात उतरून तिने बंदूक पाहिली आणि गालावर हात ठेवला.

"अगं बाई! ही आमचीच? नवरीसारखी सजवलीस रे."

लेस्टरने खांदे उडवले, पण कान लाल झाले.

मग अर्लीनने एखाद्याच्या डोक्यावरची टोपी काढावी इतक्या सहज पुढचा तुकडा धरला आणि ओढला. तो हलला नाही. तिने पुन्हा ओढला.

"घट्ट बसलंय. काढून दे ना जरा."

"काय?"

"नाक. पुढचं लाकूड. तेवढंच न्यायचंय मला. मी सांगितलं नव्हतं का, नाक सैल आहे, सांभाळ म्हणून?"

सांगितलं होतं. आता आमच्या खोऱ्यात, छंदी माणसाला कुणी 'सैल आहे' असं सांगितलं, तर त्याचा अर्थ 'घट्ट कर' असाच होतो. 'सांभाळ' या शब्दाकडे लेस्टरने लक्षच दिलं नव्हतं.

"नुसतं नाक कशाला?" त्याने विचारलं.

"अरे, बंदूक कशी नेणार टेकडीवरच्या वृद्धाश्रमात? तिथे सिस्टर काटा-चमचासुद्धा परत मागून घेतात. पण लाकडाच्या तुकड्याला कोण हरकत घेतंय!" अर्लीन स्टुलावर बसली. बापाला ती ताता म्हणायची. "ताताला आता काही कळत नाही. मला ओळखत नाही. पण हात सारखे चादरीवर फिरत असतात. काहीतरी शोधत असतो. सिस्टर म्हणतात, काय मागतो देव जाणे, 'नाक कुठंय, नाक कुठंय' करतो, आम्ही त्याचंच नाक दाखवतो तर चिडतो." ती हसली आणि हसतानाच तिने डोळे पुसले. "मी लहान असताना तो रात्रपाळीला निघाला की मी दारात लोळण घ्यायचे. मग तो बंदुकीचं नाक काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, 'हे तुझ्यापाशी ठेव. नाक मागे ठेवून माणूस लांब जातो का कुठं? सकाळी न्यायला येतो.' मी ते उशाशी घेऊन झोपायचे. सकाळी तो आला की आधी नाक परत द्यायचं, मग दूध."

लेस्टर अक्रोडाच्या रोलकडे बघत होता.

"झोपेत चावायचेसुद्धा. माझ्या दातांचे वळ आहेत बघ त्याच्यावर. ताता पुढे म्हातारपणीही टीव्ही बघताना अंगठ्याने तेच चाचपत बसायचा. काढ ना."

"तेल वाळलेलं नाही," लेस्टर म्हणाला.

"हो?"

"ओलं असताना काढलं, तर लाकूड पिळतं. सोमवारी ये."

असं कुठलंही लाकूड पिळत नाही. हे शास्त्र त्याने तिथल्या तिथे जन्माला घातलं होतं. अर्लीनने मात्र विश्वासाने मान डोलावली. लेस्टर लाकडाबद्दल बोलला की आमच्याकडे सगळे तशीच मान डोलावतात.

ती गेल्यावर डॉलोरेस जिन्यावर येऊन बसली. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्याकडची घरं लाकडी, तळघरातलं बोलणं स्वयंपाकघरात ताटात वाढल्यासारखं येतं.

"सांगून टाक तिला."

"काय सांगू? तुझे दुधाचे दात इस्त्री केले म्हणून?"

"हो. असंच सांग."

"कापतो पुन्हा. त्यात काय."

"आणि दात?"

पोचा वर आणता येतो, गेलेला पोचा परत आणायची इस्त्री अजून कुणी काढलेली नाही. आणि खरं सांगायचं तर कापायलाही त्याचा हात धजेना. त्याच्या आयुष्यातला तो सर्वात सुंदर सांधा होता. म्हातारा झेलेनाक खाटेवर काहीतरी शोधत होता आणि लेस्टर आपल्या सांध्याकडे बघत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटूनही तो बघतच राहिला.

मग त्याने कपाटामागची भंगार पेटी ओढली. तिच्यात त्याच जातीच्या बंदुकीचा एक फुटका दस्ता होता. त्याचा पुढचा भाग शाबूत होता.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याने जेवणही नीट घेतलं नाही. फुटक्या दस्त्याचं टोक त्याने आठवून आठवून तिरकं कापलं. कड घासून जुनी केली. काळ्या चहाचा हात दिला, बुटाच्या पॉलिशचा हात दिला, चुलीची राख चोळली. मग एक छोटा पंच घेतला, हातोडी घेतली, आणि वरच्या अंगाला एक कमान ठोकली. टक्. टक्. टक्. मग खालच्या अंगाला.

डॉलोरेस कॉफी घेऊन आली. तिने तुकडा पाहिला, पंच पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"उंदीर परत आला वाटतं," ती म्हणाली, आणि कॉफी तशीच हातात घेऊन वर निघून गेली.

सोमवारी अर्लीनने तुकडा हातात घेतला, छातीशी धरला आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तू एवढं केलंस, तर ताताचं तोंड तरी बघ." लेस्टरने गुडघ्याचं कारण सांगितलं. डॉलोरेसने आतून त्याचा कोट आणून दिला. तिने तो जरा जोरातच दिला.

मेथोड झेलेनाक खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. पोलादाच्या भट्टीवर उभं आयुष्य गेलेला माणूस आता इतका हलका झाला होता की चादरीखाली कुणी आहे की नाही ते शोधावं लागे. हात मात्र तेवढेच मोठे राहिले होते, आणि ते चादरीवर फिरत होते.

"ताता, बघ काय आणलंय. नाक!"

म्हाताऱ्याने तुकडा घेतला. खोलीतला वारा थांबल्यासारखं झालं. अंगठा कापलेल्या कडेवरून फिरला, मग टोकाकडे सरकला आणि पोच्यांच्या कमानीवर आला. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. परत आला. पुन्हा गेला. मध्ये कुठेतरी तो थांबू पाहत होता आणि थांबायला जागा सापडत नव्हती.

मग मेटकाकांनी तो तुकडा अतिशय अदबीने लेस्टरपुढे धरला.

"कुणाचं तरी राहिलंय," ते म्हणाले. "शोधत असतील. देऊन टाका."

"ताता, अरे आपलंच आहे! हे बघ, माझे दात—" अर्लीनने तुकडा घेतला आणि स्वतःचा अंगठा त्यावर ठेवला. ती बोलायची थांबली. तिने तो उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग वर न बघता विचारलं, "लेस्टर, मी चर्चच्या पायरीवर पडून समोरचा दात पाडला होता. इथे फट असायची. ही कमान सलग आहे." आणि मग अगदी हळू, "हे कुणाचे दात आहेत?"

मेटकाका दोघांकडे आळीपाळीने, पाहुण्यांकडे बघावं तसं बघत होते.

लेस्टरने गाडीपाशी सगळं सांगितलं. सांधा, सळ्या, इस्त्री, जर्मन उंदीर, पंच. तो सांगत असताना अर्लीन गाडीच्या दाराची किल्ली फिरवत होती. दार केव्हाच उघडलं होतं.

"मला वाटलं, तू खूश होशील," तो शेवटी म्हणाला. "आधी."

"झाले होते की. आधी." ती गाडीत बसली. "चल. तुझ्या घरी. कापायचंय."

तळघरात ती त्याच्या शेजारी उभी राहिली. लेस्टरने सवयीने काटकोन लावून पेन्सिलने रेघ मारली.

"सरळ नको," अर्लीन म्हणाली. "ताता परतीच्या आगबोटीवर खानसाम्याकडची हाडं कापायची करवत घेऊन बसला होता. बोट हलत होती. डावीकडे जाऊ दे. अजून. आता खाली."

लाकूड कापलं, आणि मग करवत किंचाळली. पोलाद लागलं होतं. स्वतःच्याच दोन सळ्या, त्याने निवडून घातलेल्या, चांगल्यातल्या चांगल्या. लेस्टरने लोखंडाची करवत घेतली. तो घासत राहिला, घासत राहिला. आपलं काम इतकं पक्कं आहे याचा माणसाला एवढा त्रास झालेला मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. डॉलोरेस खाली आली आणि काही न बोलता दस्त्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. तुकडा सुटला, तेव्हा तिघांनाही धाप लागली होती. कापलेल्या बाजूला सळ्यांची दोन टोकं चमकत होती.

"घासून काळी करू?" लेस्टरने विचारलं.

"हात लावू नकोस," अर्लीन म्हणाली. "आणि उद्या सकाळी तूच गाडी काढ. माझा हात दुखतोय."

दुसऱ्या दिवशी मेटकाकांच्या हातात खरा तुकडा दिला, तेव्हा त्यांचा अंगठा थेट टोकाकडे गेला. तिथे गुळगुळीत होतं. अंगठा थोडा पुढे गेला, थोडा मागे आला. पालथं करून खालच्या अंगाला गेला. तिथेही काही नव्हतं. लेस्टर फरशीकडे बघत होता. फरशी हिरवी होती, आणि फार स्वच्छ.

मग अंगठा कापाच्या बाजूला आला आणि पोलादाच्या टोकांवर टेकला. थंड लागलं असावं. म्हातारा दचकला. त्याने तुकडा नाकाशी नेला, वास घेतला. ओळखलं की नाही, कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. जवसाच्या तेलाचा वास कुठल्याही लाकडाला येतो. पण मेटकाकांनी मान वर केली आणि समोरच्या साठीच्या बाईचा हात धरून त्यात तो तुकडा ठेवला. तिची बोटं एकेक करून मिटवली.

"ठेव," ते म्हणाले. "रडायचं नाही. सकाळी न्यायला येतो."

अर्लीन खाटेच्या कडेवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, खाटा उंच असतात तिथे.

"हो ताता," ती म्हणाली.

मेटकाका लेस्टरकडे वळले. "बघतोस काय असा? चल की लेका. भोंगा झाला. तुझ्यापायी माझी पाळी चुकायची."

लेस्टरने अर्लीनकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, पण वळवलीही नाही. तो खुर्चीमागे गेला आणि ढकलत निघाला. लांब मार्गिका, दोन्हीकडे उघडी दारं, दारांत बसलेली माणसं. मेटकाकांनी एकदोघांना ओळखीचा हात केला. एकाला म्हणाले, "तुझा डबा कुठंय रे, बायकोनं टाकलं वाटतं?" तो माणूसही हसला.

मार्गिकेच्या शेवटी मोठी काच होती. तिच्यातून टेकडीचा उतार दिसायचा, खाली नदी, आणि नदीकाठी कारखान्याच्या राहिलेल्या दोन चिमण्या. कारखाना बंद पडून वीस वर्षं होऊन गेली होती.

मेटकाका पुढे झुकले.

"धूर दिसत नाही आज."

"दुरुस्ती चाललीय," लेस्टर म्हणाला.

"कोण करतंय?"

"मीच, मेटकाका."

म्हाताऱ्याने मान मागे करून त्याला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग झालं कल्याण," ते म्हणाले, आणि चिमण्यांकडे बघत वाट पाहू लागले.

लेस्टर खुर्ची धरून मागे उभा राहिला. तिच्या लाकडी हातावर कुणाच्या तरी नखांनी पडलेले ओरखडे होते. सवयीने त्याचा अंगठा त्यांच्यावरून फिरला, कुठपर्यंत खोल गेलेत ते बघत. मग त्याने हात उचलला आणि कोटाच्या खिशात घालून ठेवला.